ज्याची पावलं त्याला

भंगारवाला तिसऱ्यांदा आला, तेव्हाही लेकीनं दार अर्धंच उघडलं.

“उद्या या,” ती म्हणाली.

“ताई, परवा तुम्ही उद्या म्हणालात, कालही उद्या म्हणालात. तुमचा उद्या नेमका कधी उजाडतो तेवढं सांगा, म्हणजे मी गाडी घेऊनच येतो.”

“आज जरा गडबड आहे हो.”

भंगारवाल्यानं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. गडबड काही दिसेना. टेबलावर एक कप, एक उघडं पुस्तक आणि मागच्या खोलीच्या दारापर्यंत एकावर एक रचलेली पोती. एका पोत्याचं तोंड सुटलं होतं आणि त्यातून लाकडाचा एक पाय बाहेर आला होता, झोपलेल्या माणसाचा पांघरुणाबाहेर यावा तसा.

“लाकूड सुकं आहे,” तो जाता जाता म्हणाला. “छान जळेल.”

हे त्यानं म्हणायला नको होतं. लेकीनं दार लावलं आणि तो पाय परत पोत्यात ढकलला.

बाबा मापाचे बूट करायचे. माणूस दुकानात आला की ते त्याचं तोंड नंतर बघायचे, आधी पाय. स्टुलावर बसवून, कागदावर पावलाची रेघ काढून, चार ठिकाणी फीत लावून ते माप घ्यायचे आणि मग त्या मापाचा लाकडी फर्मा कोरायचे. फर्मा म्हणजे त्या माणसाचं पाऊलच. त्याच्यावर कातडं ताणून बूट शिवायचा. माणूस घरी, पण पाय दुकानात. असे दोनशे सहा जोड बाबांच्या भिंतीवर टांगलेले होते. बाबा गेले, दुकानाच्या मालकानं महिनाअखेरीस जागा परत मागितली. रापी, आरी, शिवणयंत्र असं जे कुणाच्या उपयोगाचं होतं ते हातोहात गेलं. फर्म्यांना कुणी विचारलं नाही. दुसऱ्याच्या पायाचं माप घेऊन कुणी काय करणार? लेकीनं ते एकोणीस पोत्यांत भरले आणि आपल्या दोन खोल्यांच्या घरात आणून टाकले. “आठवडाभरासाठी,” असं तेव्हा म्हणाली होती. त्याला आता चार महिने झाले होते.

नवल असं की ही बाई पोटापाण्यासाठी वस्तू टाकून देण्याचंच काम करायची. ती सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती. दहा वर्षांत एकदाही कुणी न नेलेलं पुस्तक हुडकायचं, पहिल्या पानावर ‘बाद’ असा शिक्का मारायचा आणि गठ्ठ्यात बांधायचं, हे तिच्याकडे. शिपाई म्हणायचा, “बाईंचा हात कसायाचा आहे.” त्या कसायाला घरी एक लाकडाचा तुकडा उचलवत नव्हता.

आई तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिचा गुडघा पार गेला होता. पंचवीस तारखेला शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर निदान सहा महिने जिन्याचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लेकीचं घर तळमजल्यावर. मागची खोली रिकामी, म्हणजे कागदोपत्री रिकामी. चार तारखेला आई खोली बघायला आली. काठी टेकत दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली, कारण पुढे जायला जागाच नव्हती.

“अगं बाई,” आई म्हणाली. “माझ्या आधी चारशे पाय इथे पसरलेत. माझ्या दोन पायांनी जायचं कुठे?”

“हलवते मी.”

“हेच तू मागच्या महिन्यात म्हणालीस. दादा काय म्हणतो?”

“दादा म्हणतो, भट्टीत घाल. त्याचं काय जातंय, तो एवढ्या लांब राहून फोनवरून म्हणणार.”

“मग घाल की. चाळीस वर्षं मी त्या पायांवरची धूळ झटकली. एक पाय कधी म्हणाला नाही, वहिनी, दमलात, बसा जरा.”

लेक हसली नाही. “आई, माणसांची पावलं आहेत ती. कुणाचं कुरूप, कुणाचा वाकडा अंगठा. बाबांनी सगळं कोरलंय. कसं जाळायचं?”

“माणसांची आहेत ना? मग ज्याची त्याला दे,” आई वैतागून म्हणाली, “आणि मला एक खुर्ची दे. इथे जिवंत गुडघा उभा आहे.”

आईनं हे रागानं म्हटलं होतं. पण काही बोलणी चुकून कामाची निघतात. दुसऱ्या दिवशी वाचनालयात परत आलेली पुस्तकं लावताना लेक एकाएकी थबकली. समोर लांबलचक टेबल, भिंतीला रिकामी मांडणी, वर पाटी: ‘परत करावयाची पुस्तकं येथे ठेवा.’ इथे रोज ज्याचं त्याला परत जात होतं. वाचनालयाची वस्तू वाचनालयात परत येते, मग माणसाची वस्तू माणसाकडे का जाऊ नये?

अध्यक्षांना विचारावं लागलं. अध्यक्ष हा तसा मायाळू माणूस, पण कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हटल्याशिवाय त्यांना अध्यक्ष असल्यासारखं वाटत नसे.

“वाचनालयात बूट? छे!”

“बूट नाहीत साहेब. पाय.”

“ते तर आणखीच वाईट.”

“साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. फक्त एक दिवस. तुमचाही जोड असेल त्यात.”

“माझा?” अध्यक्षांनी नकळत टेबलाखाली पाहिलं. “माझे बूट तेच करायचे, खरं. बरं, पण फरशीवर ओरखडे नकोत.”

पाटी तिनं स्वतःच्या हातानं लिहिली आणि वाचनालयाच्या दारावर लावली. ‘बाबांच्या दुकानात तुमची पावलं राहिली आहेत. येत्या सुट्टीच्या दिवशी वाचनालयात या, ओळखा आणि घेऊन जा.’ खाली दुकानाचा पत्ता. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

पुढचे दहा दिवस संध्याकाळी घरी आली की ती पोती सोडायची. आणि तिथे नवीच अडचण निघाली. बाबांनी एकाही फर्म्यावर नाव लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी माणसाला नाव नसायचंच, नंबर असायचा. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ते आईला हळूच म्हणायचे, “हा साडेआठ. डावा अंगठा वाकडा.” आईला ते ‘पाच’ म्हणायचे, दादाला ‘सात’. लेक दहाव्या महिन्यातच चालायला लागली, तेव्हा तिच्यासाठी केलेला पहिला जोड अडीच नंबरचा. मग ती शाळेत गेली, मोठी झाली, ग्रंथपाल झाली, पण बाबांच्या तोंडी ‘अडीच’ ती ‘अडीच’च राहिली.

नाव नव्हतं, पण प्रत्येक फर्म्याच्या माथ्यावर पेन्सिलीनं दोन ओळी होत्या. ‘साडेसात. टाच आधी झिजते. दिवसभर उभं राहायचं काम.’ ‘आठ. उजवा पाय आळशी.’ ‘सहा. दर वेळी उशिरा येते. पाय देखणे.’ लेकीनं वाचनालयाची जुनी कार्डं घेतली आणि एकेक ओळ उतरवून घेतली. नोंदी करण्याची हाताला सवय होती. एकीकडे मन शांत होत होतं, एकीकडे काही तरी शोधत होतं. काय, ते तिला ठाऊक होतं.

तिचे स्वतःचे फर्मे सापडले. अडीच, मग चार, मग वाढत वाढत बाराव्या वर्षापर्यंतचे. पुढे काही नाही. तेराव्या वर्षी ती बाबांना म्हणाली होती, “मला हे हातचे बूट नकोत. मला सगळ्या मुलींसारखे कारखान्याचे हवेत.” बाबा म्हणाले होते, “बरं.” एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या ‘बरं’चा खडा तीस वर्षं तिच्या बुटात होता, आणि हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि एक जोड तिनं पोत्यात घातलाच नव्हता. बाबांच्या बसण्याच्या जागेवर, हाताच्या अगदी जवळच्या खिळ्याला तो टांगलेला असायचा. नऊ नंबर. हाताळून हाताळून काळा, गुळगुळीत. डाव्या करंगळीपाशी चामड्याची छोटी चकती चिकटवलेली. पायाला कुरूप असलं की बाबा तशी लावायचे, म्हणजे बूट तिथे सैल होतो. बाबांच्याही डाव्या करंगळीला कुरूप होतं. आणि दोनशे सहांपैकी या एकाच जोडावर पेन्सिलीची ओळ नव्हती. स्वतःविषयी माणूस स्वतःला काय लिहून ठेवणार? हे बाबांचे पाय, हे लेकीनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. चार महिने तो जोड तिच्या उशाशी होता.

सुट्टीच्या दिवशी तिनं टेबलं जोडली, खाली जुन्या चादरी घातल्या आणि नंबरवार पावलं मांडली. लहानांपासून मोठ्यांपर्यंत, सगळी दाराकडे तोंड करून. आईला रिक्षानं आणून तिनं खुर्चीवर बसवलं.

“एखादी फौज निघाल्यासारखी दिसते,” आई म्हणाली. “फक्त वरचा भाग घरी विसरली.”

अकरा वाजले तरी कुणी आलं नाही. अध्यक्ष तेवढे फरशी बघायला म्हणून आले, आणि फरशी सोडून दहा नंबरच्या रांगेपाशी घुटमळू लागले. तिसरा जोड उचलून त्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं, “‘दहा. बोलतो फार. नवा जोड तीन महिने न्यायला येत नाही.’” त्यांनी चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, “हा माझाच.”

आई इतकी हसली की तिची काठी पडली. त्या आवाजानं दारात घुटमळणारे दोघे-तिघे आत आले, आणि मग रीघच लागली. इस्पितळातली नर्स आली, हॉटेलातला वाढपी आला, गणिताच्या निवृत्त बाई आल्या. वाचनालयात जन्मात कुणी मोजे काढले नव्हते. आता खुर्च्या ओढून माणसं एक पाय हवेत धरून बसली होती. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, अशी ती गत.

“अहो, तो माझा! तुमचा अंगठा एवढा लांब आहे का?”

“तुमची टाच बघा आधी. ही माझी आहे, झिजलेली.”

“बाई, तुमच्यावर काय लिहिलंय?”

“‘चालताना आकडे मोजते,’” गणिताच्या बाई म्हणाल्या आणि लाजल्या. “मी मनातल्या मनात मोजायची. त्यांना कसं कळलं?”

एक बाई आली, ती कुठल्याच रांगेत पाय लावून बघेना. साडेआठच्या रांगेतून तिनं एकेक जोड हातात घेऊन, डोळे मिटून अंगठ्यापाशी बोट फिरवून पाहिलं. सहाव्याला थांबली. “आमच्या ह्यांचा,” एवढंच म्हणाली. लेकीनं तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. बाईनं कागद सोडला, जोड तसाच उघडा पोटाशी धरला आणि गेली.

“कोण गं ती ‘सहा, पाय देखणे’?” आईनं मध्येच लेकीच्या कानाशी विचारलं. “ती आली की मला दाखव.”

“आई!”

“नुसतं बघायचंय. पायच बघेन.”

तीन वाजता पोस्टमन आला. आता निवृत्त, वाळका, उंच. आयुष्यभर चालल्यामुळे बसलेलाही चालत असल्यासारखा दिसायचा. नऊ नंबरची रांग त्यानं दोनदा पाहिली, मान हलवली, आणि निरोप घ्यायला लेकीच्या टेबलापाशी आला. तिथे चहाच्या कपाशेजारी तो काळा जोड होता. तो ती घरी ठेवू शकली नव्हती आणि मांडूही शकली नव्हती.

“हा काय, इथे आहे माझा,” पोस्टमन म्हणाला.

“नाही,” लेक चटकन म्हणाली. “तो द्यायचा नाहीये. तो बाबांचा आहे.”

“असं? मग माझीच चूक.” पोस्टमन एक पाऊल मागे सरला. पत्र चुकीच्या दारात पडलं तरी भांडायचं नाही, ही जन्माची सवय. पण त्याची नजर डाव्या करंगळीवरच्या चकतीवरून हलेना.

“थांबा,” आई म्हणाली. “पाय दाखवा.”

“आई, राहू दे ना.”

“दाखवा हो. लाजता काय? डॉक्टरांनी माझे दोन्ही गुडघे सात जणांना दाखवले.”

पोस्टमननं डावा मोजा काढला. करंगळीवर बोराच्या बीएवढं कुरूप. आईनं फर्मा उचलून त्याच्या पायाशेजारी जमिनीवर ठेवला. जुळी भावंडंही इतकी सारखी नसतात.

लेक खाली वाकून बघत राहिली. चार महिने ती परक्या माणसाच्या पायांशेजारी झोपत आली होती. हसावं की रडावं, तिला कळेना.

“त्याच्यावर काही लिहिलं नव्हतं,” ती शेवटी म्हणाली. “म्हणून मला वाटलं…”

“माझ्यावर काय लिहायचं?” पोस्टमन म्हणाला. “मी रोजच यायचो. बूट दुरुस्तीला कमी, बसायला जास्त. ‘ये नऊ, बस,’ म्हणायचे. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक. त्यांची सगळी पत्रं मीच आणायचो, पण माझं नाव कुठल्या पाकिटावर असणार?”

“आणि बाबांचा फर्मा?” लेकीनं आईकडे पाहिलं. “सगळी पोती उपसली मी. बाबांचा कुठला?”

आईनं आधी पोस्टमनकडे पाहिलं, मग दाराकडे, गुपित फोडण्याआधी बघतात तसं.

“नव्हताच.”

“म्हणजे?”

“ह्यांनी स्वतःसाठी जन्मात बूट केला नाही. म्हणायचे, हातचा बूट पहिले तीन महिने चावतो, गिऱ्हाईक सोसतं, मी का सोसू? मी सेलमधून कारखान्याचे आणायची. आणले की हे दार लावून घ्यायचे, आतला कंपनीचा शिक्का खरवडायचे आणि आपला ठोकायचे. बूटवाल्याच्या पायात कारखान्याचा बूट दिसला तर दुकान चालेल का?”

“ते तपकिरी बूट?”

“तपकिरी, काळे, सगळे.”

पोस्टमननं तोंडावर हात ठेवला. “आणि मला ते वीस वर्षं सांगत होते, नऊ, बूट बघ, याला म्हणतात हात!”

आता आई हसत होती, पोस्टमन हसत होता, आणि लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते हसण्याचं नव्हतं आणि पुरतं रडण्याचंही नव्हतं.

“आई,” ती हळूच म्हणाली, “मी तेरा वर्षांची असताना बाबांना म्हटलं होतं, मला तुमचे बूट नकोत.”

“आठवतं की. रात्री जेवताना मला म्हणाले, ‘अडीच शहाणी निघाली गं. मला हे कळायला लग्न करावं लागलं.’ आणि दोन दिवस तुझ्या नव्या बुटात हात घालून बघत होते, आत काय घातलंय एवढं मऊ म्हणून.”

लेकीनं रुमाल शोधला. सापडला नाही, तेव्हा फर्मे गुंडाळायच्या वर्तमानपत्राचा कोपराच डोळ्यांना लावला. मग तो काळा जोड उचलला. हाताला तो ओळखीचा झाला होता. करंगळीवरच्या चकतीवर अंगठा आपोआप जाऊन बसला. तिनं अंगठा उचलला, जोड कागदात गुंडाळला आणि दोरी बांधली.

“ठेव गं तुझ्याकडे,” पोस्टमन म्हणाला. “मी काय करणार याचं?”

“तुमचा आहे, काका. मी चुकून आणला होता.” आणि मग, शहाण्या ग्रंथपालाला शोभेल अशा आवाजात, “आत्तापर्यंतचा दंड माफ.”

पोस्टमननं पुडकं काखेत मारलं, आयुष्यभर मारली तशी, आणि लांब लांब ढांगा टाकत निघून गेला.

संध्याकाळी मोजले. एकशे अठ्ठावीस जोड गेले होते. चाळीस चित्रकलेच्या मास्तरांनी मागितले; म्हणाले, मुलांना पाय काढता येत नाहीत, समोर ठेवले तर येतील. उरलेल्यांना न्यायला माणसंच उरली नव्हती. त्यांच्यावरच्या ओळी लेकीच्या कार्डांवर होत्या. कार्डं तिनं एका खोक्यात घातली, आणि बाकीचं लाकूड पोत्यांत. या वेळी पोती भरताना तिचा हात वाचनालयात चालतो तसा चालला.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच भंगारवाल्याला फोन केला.

“उजाडला का तुमचा उद्या?” तो म्हणाला.

“उजाडला. सकाळीच या. आणि छान जळतं ते.”

पंचवीस तारखेला आईची शस्त्रक्रिया झाली, आणि महिना संपायच्या आत ती नव्या गुडघ्यासकट मागच्या खोलीत आली. खोली रंगवलेली, खिडकी पुसलेली, पलंग उजेडात. एवढं करूनही एक गोष्ट लेकीच्या ध्यानात आली नव्हती. त्या खोलीचं दार जरा वारा आला की आपोआप लागायचं. चार महिने त्याला पोती टेकलेली असल्यानं ती विसरूनच गेली होती. आता दर दहा मिनिटांनी ते धाडकन आपटायचं, आणि आतून आई ओरडायची, “मला कोंडलंस गं!”

“सुताराला बोलावते उद्या,” लेक स्वयंपाकघरातून म्हणाली.

“तुझा उद्या मला माहीत आहे.”

दार आणखी एकदा आपटलं. मग पलंग करकरला, वॉकरचे चार पाय फरशीवर टेकले, उचलले, पुन्हा टेकले. लेक हात पुसत धावली. आईनं एकटीनं उठायचं नाही, असं दहादा बजावून झालं होतं.

आई दारापाशी उभी होती, वॉकरला धरून, स्वतःच्या पायांवर. नव्या गुडघ्याची ही पहिली एकटीची चाल, आणि बघायला कुणी नव्हतं. दार उघडं होतं. दाराखाली, वॉकरनं ढकलून अगदी घट्ट बसवलेला, लाकडाचा एक इवलासा पाय होता.

“हा कुठून आणलास?” लेकीनं विचारलं. अडीच नंबरचा जोड तिनं मास्तरांच्या खोक्यात घातला होता, स्वतःच्या हातानं, कचरता कचरता.

“त्या दिवशीच काढून घेतला. पिशवीत होता माझ्या. उजवा इथे, डावा उशाखाली.” आई वॉकर वळवू लागली. “बघत काय उभी राहिलीस? सगळंच द्यायला मी काय वाचनालय आहे? धर मला. आता परत तिकडे जायचंय.”

लेकीनं धरलं. दोघी मिळून पलंगाकडे निघाल्या, एक पाऊल, मग दुसरं, आणि गणिताच्या बाईंसारखी आई मोठ्यानं मोजत होती.